दिवाळीला पॉलिश, संक्रांतीला पुन्हा निस्तेज: गाडीच्या रंगाचा हा फेरा कसा थांबवायचा

तक्रार बहुतेकांची एकच असते. गाडी सात-आठ वर्षांची, सोसायटीत उघड्यावर उभी. दिवाळीच्या आधी कुठूनतरी ‘रबिंग-पॉलिश’ करून आणलं की दोन-तीन आठवडे ती बघत राहावी अशी दिसते. मग बॉनेट हळूहळू पांढुरकं पडतं, उन्हात बारीक ओरखड्यांची जाळी परत दिसायला लागते आणि संक्रांत येईपर्यंत गाडी होती तशी. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. असं काही वर्षं चाललं की टपावर पापुद्रे सुटायला लागतात आणि डेंटिंग-पेंटिंगवाला सांगतो, आता रंगच मारावा लागेल.

याच्यावर उपाय घरच्या घरी होतो, पण तो आणखी भारी पॉलिशच्या बाटलीत नाही. चमक कशामुळे जाते ते आधी ठरवायचं, मग एकदाच आणि कमीत कमी घासायचं, आणि त्यानंतर गाडी पुसायची-धुवायची सवय बदलायची. ही शेवटची गोष्ट लोक सोडून देतात, म्हणून दरवर्षी तोच खर्च परत करावा लागतो.

दरवर्षीचं रबिंग रंग कसा खातं

आजच्या बहुतेक गाड्यांना पत्र्यापासून वर येताना चार थर असतात: गंज अडवणारा ई-कोट, प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदापेक्षा फार तर थोडं जास्त. त्यात क्लिअर कोटच्या वाट्याला येतात ३५ ते ५० मायक्रॉन. आपल्याला दिसणारी चमक या थराची असते, आणि ऊन सोसण्याचं कामही तोच करतो. अतिनील किरण शोषून घेणारी रसायनं त्याच्यात मिसळलेली असतात. थर पातळ झाला की ऊन खाली बेस कोटपर्यंत पोहोचतं, दोन थरांमधली पकड सुटते आणि पापुद्रे निघतात.

घासण्याचं कुठलंही काम म्हणजे हा थर खरवडणं. ओरखडा पुसला जात नाही. त्याच्या आजूबाजूचा रंग खाली आणून तो सपाट केला जातो. जाड कंपाउंड (घासून काढणारी खरखरीत पेस्ट) आणि लोकरीचं पॅड लावून जोरात मारलेल्या एका हातात ३ ते ५ मायक्रॉन सहज जातात. गाडीच्या उभ्या आयुष्यात कारखान्याच्या क्लिअर कोटमधून ८ ते १० मायक्रॉनच्या पुढे काढू नये, असा या कामातल्या लोकांचा ठोकताळा आहे. आता दरवर्षीच्या रबिंगचा हिशेब तुम्हीच करा. पाच दिवाळ्यांत ही मर्यादा कधीच ओलांडलेली असते. टप आणि बॉनेट आधी सोलतात याचं कारणही हेच: ऊन तिथेच सर्वांत जास्त आणि मशीनही तिथेच सर्वांत जास्त फिरतं.

यात आणखी एक वाईट प्रथा आहे. काही ठिकाणी पॉलिशरऐवजी कटिंगच्या ग्राइंडरलाच स्पंज लावून काम उरकतात. छोट्या ग्राइंडरचा वेग मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास असतो. रंगाच्या पॉलिशरला ६०० ते ३,००० लागतात. गाडी कुणाला दिलीच, तर मशीन कोणतं आहे ते आधी डोळ्यांनी बघून घ्या. ग्राइंडर दिसला तर गाडी परत आणा.

आलेली चमक पंधरा दिवसांत का उतरते

स्वस्त पॉलिशमध्ये तेल, सिलिकॉन आणि बारीक भराव असतो. तो ओरखड्यांत जाऊन बसतो आणि ओरखडे दिसेनासे होतात, पण ते तिथेच असतात. चार-पाच धुण्यांत शॅम्पूने भराव निघाला की जाळी जशीच्या तशी वर येते. गाडी ताब्यात घेताना हे तपासता येतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी चार भाग असं मिश्रण स्प्रेच्या बाटलीत न्यायचं, बॉनेटच्या वीतभर जागेवर मारून मायक्रोफायबरने पुसायचं आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरायचा. पुसलेल्या चौकोनात ओरखडे दिसले आणि बाजूला दिसले नाहीत, तर काम झालेलं नाही, नुसतं झाकलेलं आहे.

दुसरं कारण, पॉलिशनंतर वर संरक्षणाचा थर लावलेलाच नसतो. कंपाउंड घासतं, पॉलिश गुळगुळीत करतं, पण पाऊस-धुळीला अडवायला वॅक्स किंवा सीलंट वेगळं लावावं लागतं. घाईच्या कामात तेच राहतं. आणि तिसरं, सगळ्यात मोठं कारण म्हणजे पाणी आणि फडकं. त्याकडे येतोच.

आधी ओळखा: तुमच्या गाडीला नेमकं काय झालंय

गाडी स्वच्छ धुऊन सावलीत आणा. खराब दिसणारा भाग ओला करा. ओला असताना रंग एकदम नव्यासारखा दिसतो आणि वाळला की परत पांढुरका होतो, हे इतकं सगळ्यांच्या गाडीला होतं की त्यावरून काही ठरत नाही. ठरतं ते पुढच्या गोष्टीवरून. त्या डागाच्या कडेवरून नख फिरवा. कडा नखाला अडकत असेल, नकाशातल्या बेटासारखा डागाला ठळक किनारा असेल, तर क्लिअर कोट सुटलेला आहे. याला जगातलं कुठलंही पॉलिश चालत नाही. उलट मशीन फिरवलं तर बेट मोठं होतं. तेवढा भाग रंगवून घेणं एवढाच मार्ग उरतो, आणि बाकीच्या गाडीवर हे काम करायला काहीच हरकत नाही.

कडा लागत नसेल आणि पांढुरकेपणा एकसारखा पसरलेला असेल, तर तो वरवरचा आहे. हा सहसा निघतो.

ओरखड्याचंही तसंच. नख आडवं फिरवल्यावर ते अडकलं, तर ओरखडा खोल आहे. तो पुसून टाकण्याचा हट्ट धरू नका, कडा बोथट करून नजरेत कमी भरेल इतकंच करा. पत्रा दिसत असेल तर टचअप पेन लावा, विशेषतः कोकण-गोव्यात, जिथे खाऱ्या हवेत उघड्या पत्र्याला गंज लागायला वेळ लागत नाही. रंगाखाली फुगा आलेला असेल तर तो गंजच आहे. पॉलिशने त्याला काही होत नाही.

मग पांढऱ्या कापडाची परीक्षा. बॉनेटच्या कोपऱ्यात थोडं पॉलिश पांढऱ्या कापडावर घेऊन घासा. कापडावर गाडीचाच रंग आला तर तुमच्या गाडीला क्लिअर कोट नाही, एकाच थराचा जुना रंग आहे. पद्मिनी, अँबॅसडर, जुन्या मारुती ८०० यांचे साधे रंग असे असतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. उलट असा रंग फार समाधान देतो, फक्त त्याची रीत निराळी, ती खाली सांगितली आहे. मात्र कारखान्यातून क्लिअर कोट असलेल्या गाडीचा रंग कापडावर आला तर हात तिथेच थांबवा. त्या जागी क्लिअर कोट संपलेला आहे.

शेवटी, एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी हाताला घालून बोटांची टोकं रंगावरून हलकेच फिरवा. नुसत्या हाताला जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. खरखर लागली, तर रंगात काहीतरी रुतून बसलंय: लोखंडाचे कण, झाडाचा चीक, सिमेंट, दुसऱ्याच्या रंगकामाचे शिंतोडे. ते न काढता मशीन फिरवलं तर तेच कण पॅडखाली फिरून नवे ओरखडे पाडतात.

पाण्याचे डाग: आपल्याकडचा खरा वैरी

उन्हाळ्यात बोअरचं किंवा टँकरचं पाणी आलं की गाड्यांवर पांढऱ्या गोल कड्या उमटायला लागतात. दख्खनच्या बेसाल्टातून उपसलेल्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. थेंब उन्हात वाळतो, पाणी उडून जातं आणि क्षार कडेला गोळा होतात. सुरुवातीला ही कडी रंगाच्या वर असते. तशीच राहू दिली तर पुढच्या दवात, पावसात ती परत ओली होते, तापते आणि क्लिअर कोटमध्ये हळूहळू खड्डा करते. वरची कडी काढता येते. खड्डा घासूनच सपाट करावा लागतो, म्हणजे परत मायक्रॉन गेले.

वरची कडी काढायला किराणा दुकानातला पांढरा व्हिनेगर पुरतो. तितक्याच डिस्टिल्ड पाण्यात मिसळा, मायक्रोफायबर भिजवून डागावर एक-दोन मिनिटं ठेवा, उचला, भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करा. पत्रा गार हवा, गाडी सावलीत हवी. व्हिनेगर वाळू द्यायचा नाही. एकदा नाही निघाला तर हेच परत करा, पण घासू नका. फरशी किंवा संडास साफ करायचं ॲसिड काचेवर चालतं म्हणून रंगावर वापरणारे लोक आहेत. ते कधीही वापरू नका, त्याने क्रोमच्या पट्ट्याही काळ्या पडतात.

स्टिल्ट पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्यांची वेगळी रड असते. वरच्या स्लॅबमधून पावसाळ्यात गळती होते आणि टपावर पांढरे कडक ओघळ पडतात. काँक्रीटमधून झिरपताना पाणी चुना घेऊन येतं. तो तीव्र अल्कधर्मी असतो आणि हवेत वाळून दगडासारखा होतो. तो नखाने किंवा ब्लेडने खरवडला की रंगासकट येतो. इथेही व्हिनेगरचं भिजवलेलं फडकं, पण चार-पाच वेळा, मध्ये मध्ये धुऊन. ओघळ आठवडाभरात काढला तर सहसा खूण राहत नाही. पावसाळाभर राहिला तर खाली खड्डा सापडतो. गळती बंद होईपर्यंत जागा बदलून मागा, सोसायटीच्या कमिटीशी भांडावं लागलं तरी मागा.

पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूने बरेच जण आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून त्याने गाडी धुतात. पण आरओ मशीन शुद्ध पाणी काढून घेतं आणि राहिलेल्यात क्षार एकवटतात. म्हणजे ते पाणी नळाच्या पाण्याहून जड असतं. ते फरशीला, फार तर टायरला वापरा. त्याऐवजी एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी साठवा. ते हवेतल्या बाष्पाचं असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात. फडक्यातून गाळून घेतलं तर शेवटच्या हातासाठी याच्याइतकं चांगलं फुकटचं पाणी दुसरं नाही. शंका असेल तर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) घ्या. तिन्ही पाण्यांत बुडवून बघितलं की वाद राहत नाही.

काम सुरू

पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले. सकाळी लवकर, सावलीत. पत्र्यावर तळहात आरामात टेकला पाहिजे.

आधी धुणं. दोन बादल्या, एकीत कार शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. आधी पाइपने किंवा डब्याने भरपूर पाणी ओतून सैल धूळ खाली जाऊ द्या. मग मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवून टपापासून खाली या. प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात पिळून मगच परत शॅम्पूत. दाराचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, कारण खडे तिथे असतात. कपड्यांची पावडर नको.

रेल्वे लाइन, फॅब्रिकेशनचं दुकान किंवा एमआयडीसी जवळ असेल तर रंगावर बारीक तपकिरी ठिपके असतात. ते लोखंडाचे तापलेले कण. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतं. मारल्यावर कणांभोवती जांभळे ओघळ उतरतात, दोन-चार मिनिटांत धुऊन टाकायचं. वास उग्र असतो, मोकळ्या हवेत मारा. त्यानंतर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणारी मऊ, मातीसारखी वडी. शॅम्पूचं पाणी सढळ हाताने मारून क्लेचा चपटा तुकडा नुसत्या बोटांच्या वजनाने, पुढे-मागे सरळ रेषेत फिरवा. सुरुवातीला तो अडकत अडकत जातो आणि खरखर ऐकूही येते. थोड्या वेळाने आवाज थांबतो आणि तो घसरायला लागतो. तिथे ती जागा झाली. मळलेला भाग आत दुमडून नवा भाग वर घ्या. जमिनीवर पडला तर तुकडा फेकून द्या, धुऊन वापरण्याचा मोह टाळा. क्लेमुळे फार बारीक खुणा राहू शकतात, म्हणून ती कायम पॉलिशच्या आधी.

आता काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, रबर, दाराच्या धारदार कडा आणि बॉनेटची घडी यांवर मास्किंग टेप लावा. कडांवर रंग मुळातच पातळ असतो आणि मशीन तिथेच आधी जाळतं. टेप लावणं कंटाळवाणं आहे, पण पॉलिशची पांढरी पूड काळ्या प्लॅस्टिकच्या दाण्यांत बसली की टूथब्रशने काढत बसावं लागतं.

नमुन्याची जागा

बॉनेटवर दीड फूट बाय दीड फूट जागा टेपने आखून घ्या. सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिशने सुरुवात करा. समाधान झालं नाही तरच पुढचं पाऊल उचला: आधी पॅड बदला, मग पॉलिश. थेट कंपाउंडला हात घालायचा नाही. बऱ्याच गाड्यांना मधल्या पॅडवर मध्यम पॉलिश पुरतं, आणि ते पुरत असताना जास्त घासणं म्हणजे पुढच्या दहा वर्षांतला रंग आजच खर्च करणं.

हातानेच करायचं असेल तर फोमचा ॲप्लिकेटर घ्या, वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, हातभर जागा, आणि मध्यम दाब देत पॉलिश पारदर्शक होईपर्यंत फिरवा. हाताने पांढुरकेपणा जातो, रंगाला खोली येते, दाराच्या मुठीमागचे नखांचे ओरखडे मावळतात. पण पूर्ण गाडीवरची जाळी हाताने जात नाही. ती अपेक्षा ठेवून खांदा दुखवून घेऊ नका.

जाळी घालवायची तर ड्युअल ॲक्शन पॉलिशर लागतो. त्याचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी डगमगतंही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. नवशिक्याच्या हातात हेच मशीन शोभतं. निव्वळ गोल फिरणारं रोटरी काम झटपट करतं, पण चूकही तितक्याच झटपट करतं. ड्रिलला लावायची पॅडं मिळतात, तीही रोटरीच समजा.

पॅडच्या मागच्या प्लेटवर मार्करने एक काळी रेघ मारून ठेवा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. दिसत नसेल तर दाब जास्त झालाय किंवा पॅड तिरकं आहे, आणि मशीन नुसतं थरथरतंय. पॅडवर चार-पाच थेंब घ्या, मशीन बंद ठेवूनच पॅड पत्र्यावर टिपून टिपून ते पसरा. आधी सगळ्यात कमी वेगावर एक हात, मग चार-पाचवर नेऊन अगदी सावकाश, सेकंदाला इंचभर अशा चालीने. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावरून गेला पाहिजे. एकदा आडवं, एकदा उभं, असे चार ते सहा हात. दाब म्हणजे मशीनचं वजन आणि त्यावर हाताचा थोडा भार. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा. हे न झाडणं सगळ्यात महागात पडतं, कारण सुकलेलं पॉलिश आणि निघालेला रंग पॅडमध्येच साठतो आणि पुढच्या चौकोनात धूसरपणा येतो. मायक्रोफायबरने पुसा, वर सांगितलेलं अल्कोहोलचं मिश्रण मारून परत पुसा, आणि तिरक्या उजेडात बघा. आता जे दिसतंय ते खरं.

काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर हा क्षण बघण्यासारखा असतो. टेपच्या एका बाजूला टॉर्चच्या ठिपक्याभोवती गोल गोल ओरखड्यांचं वलय, आणि दुसऱ्या बाजूला नुसता ठिपका, खोल काळ्यात. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांना असा नाट्यमय फरक दिसत नाही, म्हणून लोक त्या विनाकारण जास्त घासतात. तिथे डोळ्यांपेक्षा पिशवीतल्या बोटांवर आणि प्रतिबिंबाच्या कडांवर विश्वास ठेवा.

प्लॅस्टिकच्या बंपरवर वेग कमी आणि हात कमी. पत्रा उष्णता पसरवतो, प्लॅस्टिक ती धरून ठेवतं आणि रंग लवकर मऊ पडतो. रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर उत्तमच. पत्र्यावर १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास आकडा आला तर कारखान्याचा रंग, २०० च्या बराच वर गेला तर ते पॅनेल कधीतरी रंगवलेलं आहे, ८० च्या खाली आला तर तिथे घासू नका, फक्त वॅक्स लावा. साधं मीटर प्लॅस्टिकवर चालत नाही.

काम करताना अडलं तर

कंपाउंडनंतर गडद रंगावर धुकं आल्यासारखं वाटत असेल तर तो कंपाउंडचा माग आहे. मऊ पॅडवर बारीक पॉलिशचे दोन-तीन हात दिले की जातो. पॉलिश पुसायच्या आत वाळून चिकटतंय, तर पत्रा तापलाय किंवा जागा फार मोठी घेतलीय. चिकटलेल्यावर त्याच पॉलिशचा नवा थेंब टाकून फिरवा, कोरडं खरवडू नका. मध्येच एक नवा लांब ओरखडा उमटला तर थांबा आणि पॅड बदला. त्यात खडा शिरलाय. पक्ष्याच्या विष्ठेची खूण एका फेरीत गेली नाही तर सोडून द्या. ती आम्ल आहे, त्यात तापलेल्या रंगाचं आकुंचन-प्रसरण, त्यामुळे तो खड्डा बराच खोल असू शकतो. एका डागापायी तिथलं क्लिअर संपवण्यात अर्थ नाही.

टूथपेस्टने ओरखडे जातात हे अर्धसत्य आहे. तीही घासणारी पेस्टच आहे, फक्त तिचे कण रंगासाठी बेतलेले नाहीत. आणि डिझेलचा किंवा रॉकेलचा फडका मारून आणलेली चमक ही तेलाची आहे. तासाभरात तिच्यावर धूळ बसते आणि ती पुसताना ओरखडे पडतात.

क्लिअर कोट नसलेल्या जुन्या गाड्या

इथे वरचा रंग उन्हाने सुकून खडूसारखा झालेला असतो. लाल रंग गुलाबी दिसायला लागतो, ते याचमुळे. लगेच घासायला घेतलं तर हा सुकलेला रंग भराभर निघून जातो. म्हणून आधी त्याला तेल पाजायचं. मेग्वायर्स कंपनीचं क्रमांक ७ हे जुनं तेलकट ग्लेझ यासाठी जुन्या गाड्यांचे शौकीन वापरतात. टेरीच्या टॉवेलने जाडसर थापून, चोळून रात्रभर ठेवायचं, सकाळी पुसायचं, पॅनेल फार कोरडं असेल तर परत एकदा. बऱ्याच ठिकाणी रंग इथेच उजळून येतो. मग मऊ पॅडवर अगदी बारीक पॉलिश, आणि वर वॅक्स. कापडावर गाडीचा रंग येत राहणार, ते चालायचंच. पॅड मात्र लवकर भरतं, तीन-चार हाताशी ठेवा. अशा गाडीवर मूळ रंग शिल्लक असेल तर पुन्हा रंगवण्याची घाई कुणी करू नये असं मला मनापासून वाटतं. तो परत मिळत नाही.

वरचा थर आणि रोजचं फडकं

अल्कोहोलने पुसलेला रंग उघडा असतो, त्याच दिवशी काहीतरी लावा. कार्नोबा वॅक्स सुरेख दिसतं, पण आपल्या उन्हाळ्यात उघड्यावरच्या गाडीवर महिना-दीड महिन्यापलीकडे त्याचा भरवसा नाही. सिंथेटिक सीलंट तीन महिने तरी टिकतं, सावलीत त्याहून जास्त. उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर मी सीलंटच सुचवेन. पातळ लावायचं, जाड लावल्याने जास्त टिकत नाही, फक्त पुसायला त्रास होतो. सिरॅमिक कोटिंग चांगलं असतं, पण खालचे ओरखडे ते झाकत नाही आणि जड पाण्याचे डाग त्याच्यावरही बसतात. हे न सांगता ते विकलं जातं.

आता मुख्य मुद्दा. रोज सकाळी सोसायटीत गाड्या पुसायला येणारे दादा एका बादलीत, एका पिवळ्या फडक्याने, दहा-बारा गाड्या पुसतात. तिसऱ्या गाडीपर्यंत बादलीच्या तळाशी वाळू दिसायला लागते. त्या धुळीतले वाळूचे कण क्लिअर कोटपेक्षा कठीण असतात, आणि फडकं गोल फिरतं, म्हणून जाळीही गोल दिसते. महिन्याला पाच-सातशे रुपयांत रोज गाडी चमकती ठेवायची, असं आपणच त्यांना सांगितलेलं असतं, तेव्हा दोष त्यांना देण्यात अर्थ नाही. त्यांच्याशी बोला. “दादा, रोज रंगाला हात लावू नका. फक्त काचा पुसा. आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी मारून धुवा, पैसे तेवढेच घ्या.” आपल्या गाडीसाठी दोन मायक्रोफायबर आणि एक मोजा त्यांच्याकडे वेगळा देऊन ठेवा, आणि धुतल्यावर गाडी कोरडी करायला मोठा टॉवेल. सुरुवातीला त्यांना ते विचित्र वाटतं, महिनाभरात अंगवळणी पडतं. गाडी मधले दिवस धुळकट दिसेल. धूळ रंगाला काही करत नाही, ती कोरडी पुसणं करतं. मेण लावलेले डस्टरही त्याच कारणासाठी नकोत.

कव्हरबद्दल: मळक्या गाडीवर कव्हर घालू नका, आणि वारा जोरात असलेल्या जागी सैल कव्हर तर अजिबात नको. ते दिवसभर फडफडत रंग घासत राहतं.

एवढं पाळलं तर पुढच्या दिवाळीला मशीन काढायची गरज पडत नाही. धुवा, क्ले फिरवा, सीलंटचा नवा हात द्या. पॉलिश तीन-चार वर्षांतून एकदा, तेही बारीकच.

ज्यांचा टप किंवा बॉनेट सोललेलंच आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. घरी स्प्रेच्या डब्यातला टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून कडक होणारा क्लिअर कोट) मारू नका. त्यात आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना कायमचं जड जाऊ शकतं आणि साधा मास्क त्याला पुरत नाही. ते काम रंग मारायची बंद खोली (बूथ) असलेल्या पेंटरचंच. आणि रंगवून आणलेल्या पॅनेलवर निदान महिनाभर, शक्यतो दोन महिने, वॅक्स किंवा सीलंट लावू नका. आतले सॉल्व्हंट बाहेर पडायला वाट लागते. तोवर साधं पाणी, शॅम्पू आणि सावली.